सरकलेलं ठिगळ

सून गोठ्यात बेशुद्ध पडली होती आणि फोनवर भावजी म्हणत होते, “आमाला लोन नको, बाई. आमची सोसायटी हाय.”

आणि त्यांनी फोन ठेवला.

मी परत लावला. उलट्या बादलीवर फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि शेजारी माझी पाटी उभी केली. पाटी म्हणजे बोलणारं मशीन. मी टाइप करते, ती बोलते. मी लिहिलं होतं, ‘करंट लागून सून पडलीय. जवळ कुणी न्हाय. जीप घेऊन इकडं या.’ पाटी बोलली. पण त्या दिवशी तिच्यातून कुठल्या तरी शहरातली गोड, बारीक आवाजाची बाई बोलली. जवळला ती जवल म्हणाली. इकडंला इकडम् म्हणाली. साडी नेसून काउंटरवर बसलेली असावी आणि मराठी कालच शिकलेली असावी, तसं.

“एकदा सांगितलं की न्हाय, नको म्हणून? परत फोन आला तर पोलिसात देईन,” भावजी म्हणाले. फोन बंद.

माझ्या गळ्यात आवाज नाही, हे आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी ओरडली का नाही. घशात गाठ निघाली, पुण्याला ऑपरेशन झालं, तेव्हा गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली. आता मी गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते. तोंडातून आवाज येत नाही आणि वाराही येत नाही. करंट लागलेल्या माणसाच्या तोंडात आपल्या तोंडानं वारा भरावा, असं टीव्हीवर दाखवतात. माझा वारा गळ्यातून निघतो. तोही मार्ग बंद होता.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवारात, गावापासून लांब. चारी बाजूंनी ऊस उभा. शेजारची वस्ती भावजींची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत दिराची. उसाला वळसा घालून तिथं जायला धडधाकट माणसाला वेळ लागत नाही. माझ्या गुडघ्यांना आणि गळ्यातल्या भोकाला लागतो. ॲम्ब्युलन्सवाल्यांना आमची वाट सांगायला बोलता माणूस लागतो, कारण त्या वाटेला ना नाव ना पाटी. मुलगा माळेगावला साखर कारखान्यात कामाला, तिथल्या धडधडीत त्याला फोन ऐकू येत नाही. भावजींच्या फोनवर माझं नाव उमटतं, पण चष्म्याशिवाय त्यांना ते दिसत नाही आणि चष्मा ते फक्त पेपर वाचताना लावतात. एरवी त्यांना माझा आवाज ओळखू येतो. म्हणजे पाटीचा. तोच त्या दिवशी माझा राहिला नव्हता.

तो माझा कसा झाला होता, ते सांगते.

ऑपरेशन करून घरी आले तेव्हा बघायला बायका आल्या. त्यातली एक मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आता सुनेचं नशीब उघडलं गं. सासूचा पट्टा बंद झाला.” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. कानाला काहीच झालेलं नव्हतं माझ्या. मी तांब्या उचलून आपटला, तर म्हणाल्या, “दुखत असंल बिचारीला.” बिचारी हा शब्द मला आयुष्यात कुणी लावला नव्हता.

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. घरी बसून एका कंपनीचं काम करते, त्याचा पगार मिळतो. शिवाय एक बिनपगारी काम करते, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं.

परदेशातली माणसं एखादा प्रोग्राम लिहितात आणि त्याचं आतलं लिखाण उघडं ठेवतात. कुणीही बघावं, बदलावं. त्याला ओपन सोर्स म्हणतात. पण ती माणसं तो आपल्या मशीनसाठी लिहितात. दुसऱ्या जातीच्या मशीनवर चालवायचा तर कापून, जोडून बसवावा लागतो. त्याला पोर्ट करणं म्हणतात. एका कंपनीचा पंप दुसऱ्या कंपनीच्या मोटरीला बसवताना आपण मधे पट्टी घालतो, भोकं वाढवून घेतो, तसलंच. फक्त ही कापाकापी मूळ लिखाणात करायची नाही. वेगळ्या फाईलीत लिहून ठेवायची, की अमुक ओळ काढ आणि तिच्या जागी ही घाल. त्या फाईलीला पॅच म्हणतात. मी ठिगळ म्हणते. मूळ लोकांनी नवी आवृत्ती काढली की जुनं ठिगळ तिच्यावर बसतंय का बघायचं, नाही बसलं तर उसवून पुन्हा घालायचं. नव्या आवृत्त्या येतच राहतात. सून अशी बऱ्याच प्रोग्रामांची ठिगळं सांभाळते, आणि ती घालून तयार केलेले प्रोग्राम इतर लोक वापरतात. हे सगळं फुकट. मुलगा मधूनमधून म्हणतो, “फुकटचं किती करशील?” ती म्हणते, “तुमी भजनाला जाता, तिथं पगार देत्यात का?”

तिनं एका जुन्या टॅबवर बोलणारा प्रोग्राम बसवला आणि माझ्या हातात दिला. माझी शाळा चौथीपर्यंत; लिहिता वाचता येतं. मी लिहिलं, ‘चहा कुठं ठेवलाय?’

मशीन म्हणालं, “चहा कुठम् ठेवलाय?”

मी पाटी पालथी घातली आणि कागदावर लिहिलं, ‘ही बाई कोण?’

“मशीन हाय ते, आत्या.”

‘मग तिला म्हणावं, मला शिकवू नको.’

सून हसली. म्हणाली, “सध्या ‘कुठे’ लिहा. ‘कुठे’ ती बरोबर म्हणती.”

मी नाही लिहिलं. मी जन्मात कुणाला ‘कुठे’ म्हटलं नाही. नवऱ्याला म्हटलं नाही, तलाठ्याला म्हटलं नाही, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला विचारलं तेही ‘कुठं कापणार’ असंच विचारलं. आवाज गेला तो गेला, बोली पण काढून देऊ का?

मग सुनेनं ते काम हातात घेतलं. शेवटच्या अक्षरावर टिंब आलं की ते नाकात म्हणायचं नाही, नुसतं लांबवायचं, हा पहिला नियम. मग च. चाकातला च वेगळा, चहातला वेगळा. मशीनला एकच च येत होता, चहातला. ते चाकाला आणि चुलीलासुद्धा तोच लावायचं. जाऊबाईतला ज आणि जिलबीतला ज, तीच गत. ळ तर त्याला माहीतच नव्हता. न्हाय आणि व्हय ते अडखळत म्हणायचं, दाताला खडा लागल्यासारखं. मला बोलून दाखवता येत नव्हतं. ती दहा तऱ्हेनं ऐकवायची, मी बोटानं हो-नाही करायची. चुकलं की मी पोळपाटावर लाटणं आपटायची.

“आत्या, लाटणं मोडंल.”

‘मोडू दे. च अजून चुकतोय.’

शेवटी आवाज. मूळचा बारीक होता, तो तिनं खाली आणला, घोगरा केला. माझाच झाला असं म्हणणार नाही. पण ज्या दिवशी पाटीनं पहिल्यांदा भावजींना फोनवर विचारलं, ‘काय वो, बैल बांधायला दावं नेलं ते परत कधी आणताय?’ त्या दिवशी ते पलीकडून म्हणाले, “वहिनी, परत भांडायला लागला की तुमी.” मला तेवढं पुरलं.

तांब्या आपटल्यावर बिचारी म्हणणारी बाई पुन्हा आली, तेव्हा तिला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ती चहा न घेता गेली.

सुनेला वाटलं, हे ठिगळ मूळ प्रोग्रामातच घालून घ्यावं. म्हणजे दर वेळी आपल्याला बसवत बसायला नको, आणि सगळ्या मराठी माणसांना मिळेल. तिनं ते त्या लोकांना पाठवलं. उत्तर आलं, तिनं वाचून मराठीत सांगितलं. लिहिणारा आपल्याकडचाच होता, तिकडं मराठीचं बघायचा. त्याचं म्हणणं, शुद्ध शब्द ‘कुठे’ असा आहे, वापरणाऱ्यानं तो टाइप करावा. न्हाय हा शब्द मराठीत धरता येत नाही. आणि हा बदल एकाच व्यक्तीसाठी केलेला दिसतो.

“काय लिवू?” सुनेनं विचारलं.

मी पाटीवरून सांगितलं आणि तिनं लिहिलं. की केलं, गेलं, कुठं हे पुस्तकात छापतात, ते त्यानं उघडून बघावं. ते टिंब नाकातलं नाही, हे त्याच्या आईला विचारावं. ती फोनवर त्याला काय म्हणते ते कान देऊन ऐकावं. आणि एक व्यक्ती म्हणजे माणूस नव्हे का, ते कळवावं.

सुनेनं शेवटचं जरा मऊ केलं, असा मला संशय आहे. तरी त्यांनी घेतलं नाही. चर्चा बंद केली.

“आता?”

‘आता काय. आपलं ठिगळ आपण घालायचं.’

तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला ती ते बसवत आली. अंथुर्ण्यातल्या एका म्हाताऱ्या कंडक्टरचा आवाज असाच गेला होता, त्यालाही तिनं ते दिलं. त्याची तक्रार एवढीच, की पाटी पुरेशी मोठ्यानं ओरडत नाही.

आता त्या दिवसाचं.

नवी आवृत्ती आली होती. सून सकाळी पडवीत बसून ती चढवत होती. ठिगळ बसतंय का ते मशीन स्वतःच सांगतं. बसलं नाही तर बोंब मारतं. त्या दिवशी बोंब मारली नाही. ती म्हणाली, “बसलं, आत्या. फक्त ऐकून बघायचं राह्यलंय,” आणि पाटी माझ्याकडं दिली. तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. म्हैस तशी कधी ओरडत नाही. सून पळाली.

चारा कापायच्या कडबाकुट्टीची वायर उंदरानं कुरतडली होती आणि ती पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला टेकली होती. म्हैस त्याच खांबाला साखळीनं बांधलेली. ती खाली पडून पाय झाडत होती. सुनेनं साखळी सोडायला हात घातला आणि साखळीनं तिला धरलं. मी दारातून बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, ते सवयीनं. आवाज नव्हता. मी भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. म्हैस हलायची थांबली. सून पालथी पडली.

मी तिला कुशीवर केलं. तळहात काळा पडला होता. श्वास होता, पण थांबून थांबून येत होता. डोळे उघडत नव्हते. मी तिच्या गालावर चापट मारली, पाणी मारलं. मग पाटी घेतली, फोन घेतला आणि भावजींना लोनवाली बाई ऐकवली. दोनदा. ते तुम्हाला सांगितलंच.

दुसऱ्यांदा फोन बंद झाला तेव्हा मी सुनेकडं बघितलं. श्वास आणखी अडखळायला लागला होता. पाटी मला दुरुस्त करता येत नव्हती. जिला येत होती ती समोर पडली होती. या परक्या बाईच्या तोंडूनच मला बोलायचं होतं आणि मीच बोलतेय हे पटवायचं होतं. नाव सांगून उपयोग नव्हता. हल्ली फसवणारे नावंसुद्धा घेतात. मग माझ्या डोक्यात एकच आलं, की लोन देणारी बाई शिव्या देत नाही.

मी लिहिलं, ‘मुडद्या, फोन ठेवलास तर तुझं मढं उसात नेऊन गाडीन. मुडद्या, सून मरायला लागली. जीप काढ.’

तिसऱ्यांदा लावला. त्यांनी उचलला तोच बोलत, “आता मातर—”

पाटी बोलायला लागली. ती बाई इतक्या गोड आवाजात मुडद्या म्हणाली, जसं काही त्याला बक्षीस लागलंय. पलीकडून भावजींचा आवाज आला, अगदी हळू.

“वहिनी?”

मी दुसरं काही न लिहिता तेच वाक्य पुन्हा वाजवलं.

“आलो, आलो! आलोच!”

जीप उसातून आडवीच आली. त्यांचा ऊस होता, त्यांनी तुडवला. सुनेला मागं घातलं, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर भावजी आरशातून माझ्याकडं बघून म्हणाले, “मला वाटलं, लोनवाल्यांनी आता शिव्या देणाऱ्या बाया ठेवल्या.” मी बघितलं, तर त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं. मी पुढं रस्ता बघ म्हणून बोट दाखवलं.

दवाखान्यात तिला आत नेलं. हृदयाचे ठोके चुकत होते, त्यावर लक्ष ठेवायला मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, थांबा. आम्ही थांबलो. मुलगा कारखान्यातल्याच कपड्यांवर आला, अंगाला मळीचा वास. त्याला सगळं कळल्यावर त्यानं माझ्या हातातली पाटी घेतली आणि बाकावर आपटल्यासारखी ठेवली.

“बास झालं हे,” तो म्हणाला. “हिच्यापायी आज ती गेली असती. उद्या मोठ्या कंपनीचा फोन आणतो. तयार बोलणारा. त्यात असलं उसवायचं-शिवायचं काय न्हाय.”

पाटी दुरुस्त नव्हती, म्हणून मी कागद मागितला. त्यावर लिहिलं, ‘तो फोन “कुठं” म्हणतो का?’

“आई, जीव महत्त्वाचा का ‘कुठं’ महत्त्वाचं?”

मी लिहिलं, ‘तू मला फोनवर कशानं ओळखतोस?’

त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, “पण हे पुन्हा झालं तर?”

‘तयार फोनात रोज हेच झालं असतं. आज एक दिवस झालं तर भावजींनी दोनदा फोन ठेवला.’

भावजी शेजारी बसले होते. म्हणाले, “ते खरं हाय. त्या बाईला मी कवाच उभं केलं नसतं.” मुलगा त्यांच्यावर चिडला. “तात्या, तुमी चष्मा लावत जा आधी,” तो म्हणाला. ते दोघं त्यावरून भांडत बसले आणि मला बरं वाटलं, कारण भांडताना माणसं दाराकडं बघत नाहीत.

सून शुद्धीवर आली, दवाखान्यात राहिली, मग घरी आली. हाताला पट्टी. मुलानं आधी गोठ्यातली सगळी वायर काढून नवी पाइपातून टाकून घेतली; ते त्याचं काम होतं. सुनेला मी सांगितलं होतं, की हात बरा होईपर्यंत कॉम्प्युटर उघडायचा नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी डाव्या हातानं उघडला. मी लाटणं दाखवलं. ती म्हणाली, “दाखवा. मला बघायचंच हाय, कुठं चुकलं.”

तिला सापडलं. मूळ लोकांनी नव्या आवृत्तीत मराठीचे नियम खाली सरकवले होते आणि त्या जागी हिंदीचे ठेवले होते. दोन्ही दिसायला जवळपास सारखे. ठिगळ आजूबाजूच्या ओळी बघून बसतं; आजूबाजूच्या ओळी जुळल्या, ते हिंदीवर जाऊन बसलं आणि मशीनला वाटलं, झालं काम.

“म्हंजी त्या दिवशी आपल्या पाटीवरची हिंदी अंथुर्ण्याची झाली होती,” ती म्हणाली.

‘आणि मराठी?’

“ती कुणाचीच न्हाय.”

ती हसायला लागली आणि हसताना छातीत दुखलं म्हणून थांबली. मी तिला पाणी दिलं.

तिनं ठिगळ योग्य जागी घातलं. आणि आता एक नवी अट घातली आहे, की नवी आवृत्ती चढवताना मशीननं आधी काही वाक्यं बोलून दाखवायची. ती मी ऐकायची. मी होय म्हटल्याशिवाय जुनी काढायची नाही. त्या वाक्यांत काय घालायचं, ते मी ठरवलं. मुडद्या त्यात आहे. सून म्हणाली, “हे बाकीच्या लोकांकडं पण जाणार हाय, आत्या.” मी म्हटलं, जाऊ दे.

एकदा तिनं विचारलं, की त्या लोकांना हे सगळं कळवू का. करंटचं, फोनचं. कदाचित आता तरी घेतील. मी नको म्हटलं. माणूस मरता मरता राहिलं म्हणून ‘कुठं’ बरोबर, असं मला नको. ‘कुठं’ आधीपासूनच बरोबर आहे. त्यांना घ्यायचं तर त्यासाठी घ्यावं. नाही घेतलं तर आम्ही दोघी आहोत. ती शिवेल, मी ऐकेन. परवाच आणखी एक आवृत्ती आली. त्यांनी पुन्हा ओळी सरकवल्या आहेत. चुलीतला च बिघडला होता, मी लाटणं आपटलं.

तिचा उजवा हात थंडीत अजून नीट मिटत नाही. त्या दिवशी गोठ्यात खांबाला बांधलेली म्हैस मेली. सून जगली.